आजाराला नाव मिळेपर्यंत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात बी विंगमधील एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, "बाई, तुम्ही इतकी वर्षं शाळेत शिकवलंत, वीस मिनिटं काहीतरी बोला." शिक्षिकेला वीस मिनिटं देणं म्हणजे तास लावून देणंच असतं, हे त्यांना माहीत नसावं! पण घाबरू नका, घंटेआधी थांबेन.

माझ्याआधी डॉक्टर डायबेटिस आणि बीपीवर छान बोलून गेले. ते आजार घरोघरी आहेत. मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, तो लाखात एखाद्याला होतो. मग तो सगळ्यांना कशाला ऐकवायचा? तर तो लाखातला एक माणूस आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतो. ती मी.

२५ वर्षांपूर्वी जे पहिल्या खेपेला इथे राहायला आले, त्यांनी २००९ साली मला पाहिलं आहे. नंतर आलेल्यांना यातलं काही ठाऊक नाही. पण जुन्यांनी पाहिलं तेही अर्धंच. दाराच्या आतलं अर्धं आज सांगते.

सुरुवात झाली २००८ च्या दिवाळीत. फराळाची चकली खाताना गालाच्या आतल्या बाजूला झोंबलं. आरशात पाहिलं तर एक लालसर, सालपट गेल्यासारखी जागा. म्हटलं, तोंड आलं असेल. दिवाळीची जागरणं, तळण, बाकी काय! आठ दिवसांत बरं वाटेल. आठ दिवसांत एकाच्या तीन जागा झाल्या. फॅमिली डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स दिलं. केमिस्टने लावायला जेल दिलं. दाताच्या डॉक्टरांनी एक दाढ घासून गुळगुळीत केली. एका वैद्यांनी उष्णता सांगितली, गुलकंद सुरू केला. शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, काळजी फार करतेस, म्हणून होतं.

यात मी कोणाला दोष देत नाही. तोंड आलेल्या शंभर माणसांत बहुतेकांचं कारण साधंच असतं. पण साधं तोंड आलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतं. माझं महिनोन् महिने भरलं नाही आणि आपण पुढे दाखवलं पाहिजे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. वर्गात शिकवताना तोंडात रक्ताची चव यायची. आमटी-भाकरी बंद झाली. थंड दहीभात आणि पेज यावर मी तो हिवाळा काढला.

मे महिन्याच्या सुट्टीत छातीवर आणि पाठीवर फोड आले. उकळतं पाणी सांडल्यावर येतात ना, तसे पाण्याचे मऊ फोड. ब्लाउज घासला तरी फुटायचे, आणि खालची ओली, लाल जागा पसरत जायची. सकाळी उठले की चादर अंगाला चिकटलेली असायची. आमच्या ह्यांनी चादर पाण्याने भिजवून हळूहळू सोडवायची, मग माझा दिवस सुरू.

सगळ्यांनी एकच निदान केलं, नागीण! गावाहून आलेल्या एका आजींनी गेरू लावला. तो जखमांत घट्ट बसला आणि वर पू झाला तो वेगळाच. नागिणीच्या तोंडाला शेपूट मिळालं की माणूस जातो, हेही कोणीतरी माझ्या मुलीला सांगितलं. ती तेव्हा आठवीत होती. रात्री झोपायच्या आधी ती माझ्या पाठीवर फोड कुठवर आले ते मोजायची.

आता शिक्षिका म्हणून एक सांगते, लक्षात ठेवा. नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते, मधली रेषा सहसा ओलांडत नाही, आणि दोन-चार आठवड्यांत सुकते. कांजिण्यांत ताप असतो. माझे फोड दोन्ही बाजूंना होते, नवे येतच होते आणि ताप नव्हता. पाहायला गेलं तर फरक डोळ्यांसमोर होता.

याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. जूनमध्ये वटपौर्णिमा आली. दरवर्षी आपण सगळ्या मिळून जायचो. त्या वर्षी माझी बेल वाजली नाही. दुपारी औषधासाठी मी जिना उतरले, कठड्याला धरून. वर येताना पाहिलं, तर तो कठडा फिनेलने पुसलेला होता. अजून ओला होता. वास येत होता.

त्या दिवशी मी घरी येऊन रडले, हे खरं. पण आणखी एक खरं आहे, ते आज कबूल करते. तोपर्यंत मी स्वतःच माझं ताट-वाटी वेगळं केलं होतं. मुलीला जवळ झोपू देत नव्हते. हा रोग लागतो की नाही, हे मलाच माहीत नव्हतं. मग कठडा पुसणाऱ्याला कुठून माहीत असणार? ज्याला नाव नाही, त्याला माणूस घाबरतोच.

नाव मिळालं ते असं. पू झाला म्हणून भिवंडीतल्याच एका तरुण डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठ पाहिली, छाती पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, तोंडात काही आहे का?"

सात महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तोंडाचं दाखवायला गेले तेव्हा अंगावर काही नव्हतं, आणि अंगाचं दाखवताना तोंडाचं सांगायचं मला सुचलं नव्हतं. मी तोंड उघडलं. त्यांनी टॉर्च मारला, खुर्चीत बसले आणि चिठ्ठी लिहिली. म्हणाले, "उद्याच परळला केईएमच्या स्किन ओपीडीत जा. उद्याच."

सकाळी सहाला धामणकर नाक्यावरून रिक्षाने कल्याण, तिथून लोकलने परळ. पाठ टेकता येत नव्हती म्हणून सबंध प्रवास उभ्याने. ओपीडीत डॉक्टरीणबाईंनी फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा दाबून जरासा सरकवला. कातडीचा वरचा थर पिकलेल्या टोमॅटोच्या सालीसारखा सरकला. या खुणेला निकोल्स्कीची खूण म्हणतात. एका रशियन डॉक्टरांच्या नावावरून, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची. खर्च शून्य, फक्त अंगठा लागतो. पण तो अंगठा जाणत्या डॉक्टरचा हवा. घरी करून पाहू नका, नवी जखम होते.

मग ताज्या फोडाच्या तळाचं थोडं खरवडून काचेच्या पट्टीवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एकमेकांपासून सुटलेल्या गोल गोल पेशी दिसल्या. त्यानंतर जागा बधिर करून कातडीचे दोन बारीक तुकडे काढले. एक नेहमीच्या बायोप्सीसाठी, दुसरा फोडाजवळच्या चांगल्या कातडीचा, खास प्रकाशाच्या तपासणीसाठी. त्या तपासणीत पेशींच्या मधल्या रेषा हिरव्या चमकतात आणि मासे धरायच्या जाळ्यासारखं चित्र दिसतं. माझं जाळं दिसलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर नाव लिहून दिलं : पेम्फिगस व्हल्गॅरिस.

पेम्फिगस हा शब्द फोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला, आणि व्हल्गॅरिस म्हणजे नेहमीचा, सर्वसाधारण. लाखात एखाद्याला होणाऱ्या रोगाला 'नेहमीचा' म्हणणारे लोक थोरच! पण या गटाचे जे चार-पाच प्रकार आहेत, त्यांत हा जास्त आढळतो, म्हणून ते नाव.

हा रोग नेमका काय आहे? आपण भिवंडीकर. कापड कसं उभं राहतं ते आपल्याला सांगायला नको. ताणा आणि बाणा एकमेकांना धरून असतात म्हणून कापड. आपली कातडी म्हणजेही एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या पेशींचे थर. त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यांना डेस्मोग्लीन म्हणतात. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी यंत्रणा आहे, ती या आजारात चुकून या प्रथिनांनाच शत्रू समजते आणि त्यांच्यावर अँटीबॉडी सोडते. धरून ठेवणारं सुटलं की पेशी सुट्या होतात, मधे पाणी भरतं, फोड येतो. तोंडातली कातडी नाजूक आणि सतत घासली जाणारी, म्हणून तिथे फोड दिसण्याआधीच फुटतो. आपल्याला दिसते ती नुसती सोललेली जागा. म्हणूनच तोंडातला पेम्फिगस 'तोंड आलंय' म्हणून महिनोन् महिने चकवतो. बऱ्याच रुग्णांत तो तोंडातच आधी सुरू होतो.

यात जंतू नाही. म्हणून तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका बाथरूममुळे कोणालाही लागत नाही. हे वाक्य डॉक्टरीणबाईंनी उच्चारलं तेव्हा आमचे हे बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. मी तेवढ्यात विचारून घेतलं, "मुलीला जवळ झोपवलं तर चालेल?" त्या म्हणाल्या, "झोपवा की! फक्त तिचा हात जखमेला लागू देऊ नका, तुम्हाला दुखेल."

या आजारावर १९५० च्या सुमारास स्टेरॉइड आलं. त्याआधी बहुतेक रुग्ण दगावत. स्टेरॉइडने माणसं वाचू लागली, पण रोज मोठा डोस वर्षानुवर्षं घ्यावा लागे, आणि मग साखर, हाडं, जंतुसंसर्ग यांनी माणूस बेजार व्हायचा. या रोगात शरीर स्वतःवरच उलटतं, हे १९६४ साली अमेरिकेत ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी रुग्णांच्या रक्तात त्या अँटीबॉडी शोधल्या तेव्हा कळलं. आणि आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्समधले डॉ. जे. एस. पसरीचा यांनी एक वेगळी पद्धत बसवली, पल्स थेरपी. महिन्यातून एकदा लागोपाठ तीन दिवस डेक्सामेथासोनचा मोठा डोस सलाइनच्या बाटलीतून, त्यांतल्या एका दिवशी सोबत सायक्लोफॉस्फामाइड. दर २८ दिवसांनी हे पुन्हा. मधल्या दिवसांत सायक्लोफॉस्फामाइडची एक छोटी गोळी रोज. औषधं जुनी आणि स्वस्त, त्यामुळे सरकारी रुग्णालयात गरिबालाही परवडणारी. देशभर हजारो रुग्णांना ही पद्धत मिळाली. त्यांतली एक मी.

जून २००९ अखेर माझी पहिली पल्स झाली. आधी रक्त, लघवी, साखर, छातीचा एक्स-रे, ईसीजी. बाटली लागली की चेहरा लाल व्हायचा, रात्रभर झोप नाही आणि उचकी लागायची. शेजारच्या खाटेवरच्या बीडच्या मावशी म्हणायच्या, "माहेरचं कोणीतरी आठवण काढतंय." केस गळले. सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला त्रास होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यायचं, तेही सोललेल्या तोंडाने. ज्यांना पुढे मुलं हवी आहेत, त्यांना डॉक्टर हे औषध सहसा टाळतात, हेही सांगून ठेवते.

वॉर्डात ज्यांची पाठ फार सोललेली, त्यांना केळीच्या पानावर झोपवत. पान गुळगुळीत, थंड, जखमेला चिकटत नाही. हा नुसता आजीबाईचा बटवा नाही बरं का! शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी भाजलेल्या रुग्णांवर नीट तपासून पाहिली आणि २००३ साली ते निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. वॉर्डात पानं वाफेने निर्जंतुक करत. घरी कशी स्वच्छ करायची ते सिस्टरने मला शिकवलं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी एक काम केलं. डॉक्टरीणबाईंकडून केसपेपरवर मराठीत दोन ओळी लिहून घेतल्या होत्या, की हा आजार संसर्गजन्य नाही. त्या वेळच्या सेक्रेटरींनी मला विचारून त्याची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लावली, पाण्याच्या टँकरच्या नोटिशीशेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात एका घरच्या वहिनी उभ्या, हातात केळीच्या पानांची गुंडाळी. "आमचे हे वसईला कामाला जातात, रोज आणतील," एवढंच बोलल्या. पुढे जवळजवळ चार महिने पानं येत राहिली. कठडा कोणी पुसला होता, ते मला माहीत आहे. तो त्याच घरातून पुसला गेला होता. नाव मी तेव्हा घेतलं नाही, आज तर मुळीच घेणार नाही. फरक माणसांत पडला नव्हता, फक्त नोटीस बोर्डावर दोन ओळी लागल्या होत्या.

आता माझी चूक. सहा पल्स झाल्या आणि नोव्हेंबरात अंग स्वच्छ झालं. डिसेंबरात भाच्याचं लग्न. पल्सची तारीख नेमकी हळदीच्या दिवशी. शिवाय मधल्या दिवसांत चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा सुजून पुरणपोळीसारखा झाला होता. फोटोत बरं दिसावं म्हणून मी त्या गोळ्या कोणालाही न विचारता बंद केल्या, आणि पल्सही चुकवली. शिकलेली बाई, पण फोटोपुढे शिक्षण चालत नाही.

लग्नाच्या मांडवातच चक्कर येऊन पडले. उलट्या, बीपी खाली. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं कमी करतं. गोळी एकदम तोडली तर शरीराकडे काहीच उरत नाही. यात जीवही जाऊ शकतो. ती गोळी डॉक्टरच पायरी-पायरीने उतरवतात. जानेवारीत फोड परत आले आणि गिनती पुन्हा एकपासून. त्या दोन फोटोंसाठी मी सहा पल्स वाया घालवल्या. ते फोटो आजही कपाटात आहेत, मी अल्बम उघडत नाही.

दुसऱ्या खेपेला एकही तारीख चुकवली नाही. जून २०१० पर्यंत अंग पुन्हा स्वच्छ झालं. त्यानंतरही पद्धतीप्रमाणे नऊ पल्स, मग नऊ महिने फक्त गोळी. एकूण एकवीस वेळा बाटली लागली. डिसेंबर २०११ मध्ये शेवटची गोळी घेतली. तेव्हापासून आजपर्यंत औषध नाही, फोड नाही. आजार परत येऊ शकतो, हे मला माहीत आहे, म्हणून वर्षातून एकदा दाखवून येते.

आता तर रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन आहे. ते अँटीबॉडी तयार करणाऱ्या पेशींच्या साखळीवरच घाव घालतं. अमेरिकेत २०१८ साली त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. भारतीय कंपन्याही ते बनवतात. महाग आहे, आणि आधी टीबी, कावीळ वगैरे तपासण्या कराव्या लागतात. कोणाला कोणतं औषध, हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला सरकारी योजनेबद्दल जरूर विचारा. लाजू नका.

घंटा व्हायची वेळ आली. वहीत लिहून घ्यावं असं चारच गोष्टींचं सांगते.

एक, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर मोठ्या डॉक्टरला दाखवा. पेम्फिगस निघण्याची शक्यता फारच कमी. पण तंबाखू-गुटख्याच्या आपल्या या गावात तो कॅन्सरही असू शकतो, आणि तोही वेळेवर कळला तर बरा होतो.

दोन, अंगावरचं दाखवायला जाल तेव्हा तोंडातलं सांगा, आणि तोंडाचं दाखवताना अंगावरचं सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. माझे सात महिने तिथे गेले.

तीन, केमिस्टकडून आपल्या मनाने स्टेरॉइडची ट्यूब किंवा गोळी आणू नका, आणि डॉक्टरांनी दिलेली आपल्या मनाने बंद करू नका.

चार, शेजारी कोणाच्या अंगावर काही दिसलं, तर कठडा पुसण्याआधी दार वाजवा. "डॉक्टर काय म्हणाले?" एवढं विचारा. लागणारा रोग असेल तर घरचेच सांगतील, काळजी घ्या म्हणून. नसेल तर त्या घरात गेल्या कित्येक दिवसांत तुम्ही पहिले आलेले असाल.

आज माझी मुलगी इथे समोर बसली आहे, तिच्या छोटीला मांडीवर घेऊन. आज सकाळी ती मला म्हणाली, "आई, फिनेलचं नको सांगूस, लोकांना वाईट वाटेल." मी तिला म्हटलं, अगं, फिनेलचं नाही सांगितलं तर केळीच्या पानांचं कसं सांगू?

आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. तो कठडा दोनदा रंगवून झाला. नोटीस बोर्ड मात्र तोच आहे. त्यावर मेंटेनन्सच्या थकबाकीशिवायही काही लावता येतं, एवढं नव्या कमिटीने लक्षात ठेवावं.